सिम्फनीचा हंगाम : मंचावरील नव्वद वादक येतात कोठून?

मुंबई : नरिमन पॉइंटच्या टोकाशी, समुद्राला लागून असलेल्या जमशेद भाभा नाट्यगृहात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या हंगामात एक ठरावीक दृश्य पाहावयास मिळते. काळ्या पोशाखातील ऐंशी-नव्वद वादक मंचावर स्थानापन्न होतात. ओबो हे सुषिर वाद्य एकच स्वर लावून धरते आणि त्या स्वराशी सारा वाद्यवृंद आपापली वाद्ये मिळवून घेतो. तंबोरा जुळवताना पाहण्याची सवय असलेल्या मराठी रसिकांना हे काही अगदी अपरिचित वाटू नये. आपल्याकडे षड्ज गायकाच्या गळ्याप्रमाणे ठरतो. येथे मात्र सेकंदाला साधारण ४४० कंपनांचा 'ए' हा स्वर सर्वांसाठी आधीच ठरलेला असतो, एवढाच काय तो फरक.

या वाद्यवृंदाचे वर्षाला सर्वसाधारणपणे दोन हंगाम होतात. एक फेब्रुवारीच्या आसपास आणि दुसरा पाऊस ओसरू लागला की सप्टेंबरच्या सुमारास. नवा हंगाम तोंडावर आला, की कंडक्टर कोण, एकल वादक कोण आणि बीथोव्हनची कोणती सिम्फनी होणार, याची चर्चा रसिकांत सुरू होते. पण त्याहूनही मूलभूत असा एक प्रश्न प्रत्येक हंगामाबरोबर पुन्हा उभा राहतो. हे नव्वद वादक येतात कोठून आणि हंगाम संपल्यावर जातात कोठे? मुंबईला स्वतःचा कायमस्वरूपी सिम्फनी ऑर्केस्ट्रा मिळणार की नाही, हे या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

संख्येचे गणित

सिम्फनी ऑर्केस्ट्राला एवढी माणसे लागतातच कशाला, अशी शंका अनेकांच्या मनात येते. याचे उत्तर रचनेत आहे. मोत्झार्टच्या काळातील रचना तीस-चाळीस वादकांत नीट वाजवता येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र संगीतकारांनी पितळी वाद्यांची आणि तालवाद्यांची संख्या वाढवली. चार हॉर्न, तीन ट्रॉम्बोन आणि एक ट्यूबा पूर्ण ताकदीने वाजू लागले, की त्यांच्यासमोर मूठभर व्हायोलिनचा आवाज विरून जातो. म्हणूनच अशा रचनांसाठी पहिल्या गटात सोळा, दुसऱ्या गटात चौदा व्हायोलिन, बारा व्हिओला, दहा चेलो आणि आठ डबल बास असा सुमारे साठ तंतुवाद्यांचा ताफा उभा केला जातो. नाट्यगृहात ध्वनिक्षेपक नसतो. आवाजाचा सारा तोल माणसांच्या संख्येवर आणि कंडक्टरच्या कानावर सांभाळला जातो.

ही माणसे एकत्र आली म्हणजे वाद्यवृंद तयार झाला, असेही नव्हे. सोळा व्हायोलिनवादकांचे गज एकाच वेळी एकाच दिशेने गेले पाहिजेत. ती दिशा प्रमुख व्हायोलिनवादक आधीच ठरवतो आणि प्रत्येकाच्या स्वरलिपीवर तशा खुणा केल्या जातात. कोणी किती दाबून वाजवायचे, कोठे श्वास घ्यायचा, कोणाच्या इशाऱ्यावर उठायचे, हे वर्षानुवर्षांच्या सहवासाने अंगवळणी पडते. व्हिएन्ना किंवा बर्लिन येथील वाद्यवृंदांचा नाद कानाला वेगळा ओळखू येतो, त्यामागे हा सहवास आहे. हंगामापुरते जमणाऱ्या वाद्यवृंदाला तो सहवास दरवेळी काही दिवसांच्या तालमींत नव्याने मिळवावा लागतो.

मुंबईचा जुना अनुभव

मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा करण्याचा हा पहिला प्रयत्न नाही. व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली. पारशी, गोवेकर ख्रिस्ती आणि शहरात वास्तव्यास असलेले युरोपीय असे वादक त्यांनी जमवले. पुढे १९४५ मध्ये ते उच्च शिक्षणासाठी न्यूयॉर्कला गेले, काही वर्षांनी परतले आणि १९५५ मध्ये मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात दाखल झाले. त्यांचे पुत्र झुबिन मेहता त्याआधीच, १९५४ मध्ये, शिक्षणासाठी व्हिएन्नाला रवाना झाले होते. वडील आणि मुलगा दोघांनीही पुढे परदेशात नाव कमावले. त्यांच्या गुणांचे चीज करील असा पूर्णवेळ वाद्यवृंद त्यांच्या जन्मभूमीत मात्र नव्हता.

दुसरी परंपरा गोव्याची. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचण्याचे आणि व्हायोलिन वाजवण्याचे शिक्षण मिळत असे. तेथून मुंबईत आलेले वादक आधी हॉटेलांतील बँडमध्ये आणि नंतर हिंदी चित्रपटसंगीतात स्थिरावले. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतील ठळक नाव. चित्रपटसंगीतात नाव मिळवलेल्या या व्हायोलिनवादकाने १९५८ मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारला आणि रागांवर आधारित रचना पाश्चात्त्य वाद्यमेळात बसवल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे यांनी त्यात गायन केले. हा प्रयोगही फार काळ चालला नाही.

तरीही त्या काळात व्हायोलिनवादकाला मुंबईत पोट भरता येत होते. एकेका गाण्यासाठी तंतुवाद्यांचा मोठा ताफा ध्वनिमुद्रणाला बसत असे. १९८० नंतर सिंथेसायझर आला आणि वीस व्हायोलिनचे काम एक यंत्र करू लागले. रोजगार आटला, तसे नव्या पिढीचे या वाद्यांकडे वळणेही कमी झाले. ऑर्केस्ट्राला लागणारा वादकांचा जो साठा शहरात होता, तो अशा रीतीने हळूहळू रिकामा होत गेला.

कझाकस्तानमार्गे मुंबई

या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स अर्थात एनसीपीएने सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला. जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेकडे नाट्यगृहे होती, वाद्यवृंद नव्हता. १,१०९ आसनांचे जमशेद भाभा नाट्यगृह तर बांधून पुरे होत असतानाच १९९७ मध्ये आगीत भस्मसात झाले होते. ते पुन्हा उभारून १९९९ मध्ये खुले करण्यात आले. एनसीपीएचे खुशरू सनटूक यांनी कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांचे वादन लंडनमध्ये ऐकले. या दोघांच्या भेटीतून वाद्यवृंदाची कल्पना पुढे आली आणि बिसेनगालिएव यांच्याकडे संगीत दिग्दर्शनाची धुरा देण्यात आली.

वादकांचा प्रश्न दोन टप्प्यांत सोडवण्याचे ठरले. मुंबईत कायम राहणाऱ्या वादकांचा एक छोटा गट एनसीपीएत ठेवायचा. तो वर्षभर चेंबर संगीताचे कार्यक्रम करील आणि शिकवील. हंगामाच्या वेळी कझाकस्तानसह अन्य देशांतून व्यावसायिक वादक बोलावून संख्या पुरी करायची. हंगाम वर्षभर पसरलेला न राहता काही आठवड्यांत सामावतो, याचे कारण या रचनेत आहे. परदेशी वादकांना एकदा बोलावले, की त्याच मुक्कामात जास्तीत जास्त कार्यक्रम करून घेणे भाग असते.

दुसरा टप्पा अधिक लांबचा आहे. २०१२ मध्ये एनसीपीएत या वाद्यवृंदाची संगीत अकादमी सुरू झाली. रशियन अध्यापनपद्धतीचा पाया असलेल्या या अकादमीत लहान मुलांना वाद्यवादनासोबत स्वरलिपी, सिद्धान्त आणि समूहवादन शिकवले जाते. व्हायोलिन हातात धरलेल्या मुलाला व्यावसायिक वाद्यवृंदाच्या दर्जापर्यंत पोहोचण्यास बारा ते पंधरा वर्षे सहज लागतात. म्हणजे पहिल्या वर्षी सहा-सात वर्षांचे असलेले मूल आता कोठे विशीच्या उंबरठ्यावर आले आहे. त्याने पुढे वादक व्हावे असे वाटत असेल, तर त्याला या शहरात नोकरी मिळणार का, हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही.

खर्च वाढतो, काम तेवढेच

येथे अर्थशास्त्र आडवे येते. अमेरिकी अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये प्रयोगकलांच्या अर्थकारणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष साधा होता. कारखान्यात यंत्रे सुधारली, की तेवढेच कामगार अधिक माल काढतात आणि त्यांचा पगार वाढवणे परवडते. बीथोव्हनची चतुष्टय रचना वाजवण्यास मात्र दोनशे वर्षांपूर्वी जेवढे वादक आणि जेवढी मिनिटे लागत, तेवढीच आजही लागतात. वादकांचे वेतन इतरांबरोबर वाढते. कामाचा वेग वाढत नाही. त्यामुळे तिकिटांचे पैसे आणि खर्च यांतील दरी रुंदावतच जाते.

ही दरी प्रत्येक देश आपापल्या परीने भरून काढतो. जर्मनीत शंभराहून अधिक व्यावसायिक वाद्यवृंद प्रामुख्याने सरकारी आणि नगरपालिकांच्या पैशांवर चालतात. अमेरिकेत धनिकांच्या देणग्या आणि कायम निधीचे व्याज यांचा आधार असतो. मुंबईत हा भार खासगी संस्था, उद्योगसमूह आणि देणगीदार यांच्यावर आहे. नाट्यगृहातील सर्व १,१०९ आसने भरली, तरी नव्वद वादकांचे मानधन, प्रवास, मुक्काम आणि तालमी यांचा हिशेब तिकीट खिडकीवर जुळवणे अवघडच. तरीही भरलेल्या आसनांना महत्त्व आहे. रिकाम्या सभागृहासाठी देणगीदार फार काळ हात सैल सोडत नाहीत.

'पेशकार' आणि आपले श्रोते

श्रोत्यांचा पाया रुंदावण्याचे प्रयत्न कार्यक्रमांच्या निवडीतूनही दिसतात. उस्ताद झाकिर हुसेन यांच्याकडून या वाद्यवृंदाने तबला आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी 'पेशकार' ही रचना करवून घेतली. तिचा पहिला प्रयोग २०१५ मध्ये मुंबईत झाला आणि २०१९ च्या ब्रिटन दौऱ्यात ती तेथील श्रोत्यांनीही ऐकली. तबलावादकाची उपज क्षणाक्षणाला बदलते, तर ऐंशी जणांसमोरील कागद बदलत नाही. या दोहोंना एकाच समेवर आणणे हे त्या रचनेतील खरे आव्हान होते. डिसेंबर २०२४ मध्ये झाकिर हुसेन यांचे निधन झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये झुबिन मेहता यांनी एनसीपीएत प्रथमच या वाद्यवृंदाचे संचालन केले. वडिलांनी ज्या शहरात ऑर्केस्ट्रा उभा करण्याची धडपड केली, तेथेच भारतीय वाद्यवृंदासमोर ते उभे राहिले, याचे मोल जुन्या श्रोत्यांना अधिक जाणवले.

प्रथमच जाणाऱ्या श्रोत्याला कार्यक्रमाचा ढाचा ठाऊक असला, तर ऐकणे सुकर होते. बहुधा आरंभी दहा मिनिटांच्या आसपासची ओव्हर्चर असते. त्यानंतर कॉन्चेर्टो, म्हणजे एक प्रमुख वादक आणि वाद्यवृंद यांच्यातील संवाद. मध्यंतरानंतर सिम्फनी. तिचे बहुधा चार खंड असतात आणि दोन खंडांमध्ये क्षणभर शांतता असते. या शांततेत टाळ्या वाजवू नयेत, असा आजचा रिवाज आहे. सवाई गंधर्व महोत्सवात जागच्या जागी दाद देणाऱ्या श्रोत्याला तो जाचक वाटला, तर नवल नाही. मात्र हा रिवाज फार जुना नाही. १७७८ मध्ये पॅरिसमध्ये आपल्या सिम्फनीच्या ऐन मध्यात लोकांनी टाळ्या वाजवल्याचे मोत्झार्टने वडिलांना मोठ्या आनंदाने कळवले होते. चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिम्फनीचा तिसरा खंड तर इतक्या जल्लोषात संपतो, की जगभर जाणकारांचेही हात नकळत जुळतात. चौथा, अंतिम खंड मात्र अतिशय संथ आहे आणि हळूहळू शांततेत विरून जातो. चुकून टाळी वाजलीच, तर संकोच करण्याचे कारण नाही.

हंगामाची खरी कसोटी

दोन दशकांपूर्वी सुरू झालेला हा वाद्यवृंद मॉस्को, स्वित्झर्लंड आणि ब्रिटनपर्यंत जाऊन आला आहे. आधीच्या प्रयत्नांच्या तुलनेत त्याने पुष्कळ मोठा पल्ला गाठला, यात शंका नाही. मेहली मेहता आणि अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे जिद्द होती. मागे संस्था, स्वतःचे नाट्यगृह आणि पुढची पिढी घडवणारी शाळा नव्हती. आज या तिन्ही गोष्टी एका आवारात आहेत. त्यामुळे प्रत्येक नव्या हंगामाचे यश केवळ पाहुण्या कलाकारांच्या नावांवरून मोजणे पुरेसे ठरणार नाही.

येत्या हंगामात मध्यंतरात कार्यक्रमपत्रिकेचे शेवटचे पान जरूर पाहावे. त्यावर वादकांची नावे गटागटाने छापलेली असतात. दुसऱ्या व्हायोलिनच्या, व्हिओलाच्या किंवा चेलोच्या मागच्या रांगेत यंदा एखादे नवे भारतीय नाव आले आहे का, हे तेथे कळेल. अशी नावे दरवर्षी एक-दोनने जरी वाढत गेली, तरी मंचावरील नव्वद वादक येतात कोठून, या प्रश्नाचे उत्तर मुंबईला बाहेर शोधावे लागणार नाही.