यजमान कोण, पाहुणा कोण?

समजा, नाशिकहून सुरगाण्याच्या डोंगरातील एका शाळेत विज्ञानाच्या चित्रफिती न्यायच्या आहेत. तेथे रेंज नाही, म्हणून त्या हार्ड डिस्कवर भरल्या. शाळेत टॅबलेट आहे. अ‍ॅडॉप्टर लावून डिस्क जोडली, पण पडद्यावर काहीच दिसेना! खाच तर नीट बसली. मग अडले कोठे?

यूएसबी जोडणी १९९६ मध्ये आली. तिच्यात एक उपकरण यजमान असते आणि दुसरे पाहुणे. यजमानाने विचारल्याशिवाय पाहुणा बोलत नाही. संगणकाला जोडलेला टॅबलेट पाहुणा असतो. हार्ड डिस्क तर नेहमीचीच पाहुणी! दोन्ही पाहुणेच असतील, तर बोलणे सुरू कोण करणार? यासाठी २००१ मध्ये ‘ऑन-द-गो’ ही पुरवणी निघाली. मायक्रो-यूएसबीच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये चौथी पिन पाचव्या, म्हणजे ग्राउंडच्या, पिनेला जोडलेली असते. ही सोय असलेला टॅबलेट तेवढ्या खुणेवरून यजमान होतो. नव्या सी-प्रकारच्या जोडणीत हीच खूण ५.१ किलोओहमचा रोध देतो.

पण यजमानाने पाहुण्याला जेवूही घालावे लागते. संगणकाचे यूएसबी २.० तोंड ५ व्होल्ट दाबाने ५०० मिलिअँपिअर, म्हणजे २.५ वॉट देते. बॅटरीवरच्या टॅबलेटकडून पुष्कळदा तेवढेही मिळत नाही. डिस्कवर ‘५ व्होल्ट, १ अँपिअर’ असे छापलेले असेल, तर तिला किती वॉट लागतील? गुणाकार करून पाहा. अशा वेळी स्वतंत्र वीज घेणारा हब मध्ये जोडावा. पेनड्राइव्हला फिरती तबकडी नसते, म्हणून त्याची भूक कमी.

आता नाशिकचे सार्वजनिक वाचनालय आठवा. ते १८४० पासूनचे. तेथील पुस्तके कपाटात असली, तरी नोंदवहीवाचून सापडतील का? डिस्कवरही फायलींची नोंदवही असते, आणि ती लिहिण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. एनटीएफएस पद्धत काही टॅबलेटांना वाचता येत नाही. फॅट-३२ बहुतेकांना येते, पण तिच्यात ४ गिगाबाइटची फाइल मावत नाही.

नोंदवही वाचता आली नाही, की टॅबलेट विचारतो, ‘फॉरमॅट करू का?’ येथे घाईने ‘हो’ म्हणू नका! जुनी नोंदवही पुसली जाईल आणि सगळ्या चित्रफिती हातच्या जातील. डिस्क काढण्यापूर्वीही ‘इजेक्ट’ करा, नाहीतर नोंद अर्धवट राहते. आणि डोंगर चढण्यापूर्वी दुसरी प्रत घरी ठेवायला विसरू नका.