साहेबांची सीट

आमच्या आप्पांनी छत्तीस वर्षं पाटबंधारे खात्याची जीप चालवली. पण जीपच्या डाव्या सीटवर ते कधी बसले नव्हते. ती साहेबांची सीट. साहेब नसले की तिथं नकाशांच्या गुंडाळ्या नाहीतर जेवणाचे डबे असायचे. 'जीप' या शब्दालाच आपल्याकडे सरकारी वास आहे. फाट्यावर धुरळा उठला की लोक 'जीप आली' म्हणायचे. म्हणजे तहसीलदार, फौजदार नाहीतर ओव्हरसियर आला. ती कोण चालवतंय, हे कोणी विचारत नसे.

ही गाडी मुळात दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत जन्मलेली. १९४७ पासून महिंद्रांनी तिची मुंबईत जुळणी सुरू केली आणि पुढं जिथं धरण, कालवा, दुष्काळी काम निघालं, तिथं ती पोचली. रस्ता नंतर यायचा. आज शहरातली मंडळी सुट्टी काढून, दोर आणि फावडी घेऊन 'ऑफ-रोडिंग'ला जातात. हौसेला माझी हरकत नाही. पण आप्पांच्या लेखी ती ड्यूटी होती आणि तिचा भत्ताही वेळेवर मिळत नसे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते, कोयनानगरलाच. जखमींना घेऊन त्यांनी कऱ्हाडच्या फेऱ्या केल्या. त्या आठवड्याबद्दल विचारलं, तर क्लचप्लेट जळाली होती, एवढंच सांगतात.

निवृत्तीनंतर, २००१ साली, त्यांनी लिलावातून उंच बॉनेटची एक जुनी जीप घेतली. पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं. आमच्याकडे अशा निम्म्या जिपांचं हेच झालं. माझ्या धाकट्या भावाला माळावर नेऊन शिकवलं. मी तेव्हा तिशीची, बँकेत नोकरीला. मी शिकते म्हटल्यावर म्हणाले, ''तुला कशाला हे धूड?'' मी पुढं माझी छोटी मोटार घेतली, शिकले आणि विषय संपला. संपला असं मी समजत होते.

मग काचबिंदूनं आप्पांच्या नजरेच्या कडा खाल्ल्या. समोरचं दिसतं, बाजूचं नाही. लायसन्सची मुदत संपली, त्यांनी नूतनीकरणाचं नाव काढलं नाही. भाऊ पुण्याला. जीप अंगणात ताडपत्रीखाली. दर रविवारी आप्पा ती सुरू करून दहा मिनिटं तिच्याशेजारी उभे राहत.

२०२३ च्या मे महिन्यात निरोप आला, की त्यांचा जुना खलाशी आजारी आहे. सर्व्हेच्या कामात पट्ट्या धरणारा, साखळी ओढणारा हा माणूस डोंगरातल्या एका वाडीवर राहतो. डांबर संपल्यावर तीन किलोमीटर बैलगाडीची वाट. माझ्या मोटारीचं पोट तिथं पहिल्याच दगडाला टेकलं असतं. मी ताडपत्री काढली.

आप्पा सवयीनं उजवीकडं गेले, थांबले, पुढून वळसा घालून डावीकडं आले. बसल्यावर हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना.

साताऱ्याहून ठोसेघरवरून चाळकेवाडीच्या सड्यावर आलो. पवनचक्क्यांचं रान. मे महिन्यात इथं दगडादगडावर नर सरडे गळ्याचा निळा-काळा-नारिंगी पंखा फुलवून बसतात. या सरड्याला २०१६ साली शास्त्रज्ञांनी स्वतंत्र जात म्हणून नाव दिलं, आणि त्याच्या प्रजातीचं नाव आपला मराठी 'सरडा'च आहे. सड्यावरची माती बोटभर जाडीची. एकदा चाक फिरलं की चाकोरी वर्षानुवर्षं राहते. आप्पांना हे शास्त्र ठाऊक नाही, पण चाकोरी सोडू द्यायचे नाहीत. ''नवी वाट पाडायला कायतरी कारण लागतं,'' म्हणाले.

उतार लागायच्या आधी त्यांनी गाडी थांबवायला लावली. जमिनीतून वर आलेले दोन छोटे दांडे. एक पुढच्या चाकांना जोर देणारा, दुसरा सगळेच गिअर आणखी हळू करणारा. दोन्ही ओढायला लावले. ''आता पहिला टाक आणि क्लचवरनं पाय काढ. इंजिनच गाडी धरतंय. आन् अंगठे स्टिअरिंगच्या आत घालू नको. चाकाला दगुड लागला की स्टिअरिंग फिरतंय, अंगठा मोडतोय.''

पहिली दोन वळणं जमली. तिसऱ्याला वाट एकदम कलली. डावीकडं दरी, खाली सुटी खडी. मी घाबरले आणि मोटारीच्या सवयीनं क्लच, ब्रेक दोन्ही दाबले. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. मागचं अंग दरीकडं सरकू लागलं.

''क्लच सोड. ब्रेक पण.''

आवाज चढला नाही, हात स्टिअरिंगकडं आला नाही. मी पाय उचलले. इंजिन गुरगुरलं, चाकांनी जमीन धरली. थोडी सपाटी आल्यावर गाडी बंद करून हँडब्रेक ओढला. हात थरथरत होते.

''आप्पा, तुम्ही घ्या,'' मी म्हटलं.

ते बराच वेळ समोर बघत राहिले. त्यांचा उजवा पाय पत्र्यावर, तिथं नसलेल्या ब्रेकवर, अजून दाबलेला होता.

''मला कडंचा दगुड दिसत न्हाय,'' ते म्हणाले. घरात हे वाक्य त्यांनी डॉक्टरांसमोरही उच्चारलं नव्हतं. मग म्हणाले, ''तू सांग काय दिसतंय. मी सांगतो काय करायचं.''

तीन किलोमीटरला आम्हांला पाऊण तास लागला.

खलाशीकाका अंगणात बाजेवर पडले होते. जीपचा आवाज ऐकून कोपरावर उठले. डावीकडून कोण उतरतंय हे बघितल्यावर खोकत हसले. ''आयला, साहेब झालास व्हय रं शेवटी?''

''पोरीनं केलं,'' आप्पा म्हणाले.

दोघं तासभर बोलले. बहुतेक सगळं मेलेल्या माणसांबद्दल आणि एका विशिष्ट रेडिएटरबद्दल. निघताना खलाशीकाकांनी त्यांचा हात सोडला नाही, तेव्हा मी बॉनेट उघडून उगाच पाणी बघत उभी राहिले.

परतीला ऊन कललं होतं. चढाच्या तोंडाशी मी दोन्ही दांडे ओढले. आप्पांनी काचेखालची दांडी धरली.

''सांग,'' ते म्हणाले.

''मधोमध पाण्यानं कापलेली चर आहे. उजव्या अंगाला मोठा दगड.''

''किती मोठा?''

''तुमच्या गुडघ्याएवढा.''

''मग त्याच्या नादी लागू नको. चर दोन चाकांच्या मधी घे आन् चल.''