पाचवीतले मूल आणि दुसरीचे पुस्तक

गावातल्या पाचवीच्या मुलापुढे दुसरीचे पुस्तक ठेवावे आणि 'वाच बाळा' म्हणावे. पुष्कळदा मूल अडखळते. अक्षरे त्याला येतात, बाराखडी तोंडपाठ असते. पण ओळ संपण्याआधीच त्याचा धीर सुटतो. मग पालक गुरुजींना दोष देतात, गुरुजी पालकांना देतात आणि मूल तसेच पुढच्या वर्गात जाते. दोष कोणाचा यापेक्षा मूल नेमके कोठे अडले हे शोधणे अधिक उपयोगाचे आहे. ते कसे शोधावे व पुढे काय करावे, हा या लेखाचा विषय.

हा प्रश्न केवळ चंद्रपूर-गडचिरोलीचा नाही. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून 'असर' नावाची पाहणी होते. तीत ग्रामीण भागातील मुलांच्या घरी जाऊन वाचन व गणित तपासतात. २०२२ मध्ये देशातील सरकारी शाळांत तिसरीच्या १६.३ टक्के मुलांना दुसरीचा पाठ वाचता आला. २०२४ मध्ये २३.४ टक्के मुलांना. पाचवीत हे प्रमाण ३८.५ वरून ४४.८ टक्क्यांवर गेले. म्हणजे सुधारणा होते. पण पाचवीतली निम्म्याहून अधिक मुले अजून दुसरीचा पाठ वाचू शकत नाहीत.

असे का होते? पहिले कारण सरळ आहे. पुस्तक दरवर्षी पुढे सरकते, मूल मात्र जेथे अडले तेथेच राहते. तिसरीच्या शिक्षकाला तिसरीचा अभ्यासक्रम संपवायचा असतो. पहिलीत राहून गेलेले अक्षर शिकवायला त्याच्याजवळ तास नसतो.

दुसरे कारण आपल्या भागाचे आहे. १९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. या दोन जिल्ह्यांत शाळेची भाषा बहुतेक ठिकाणी मराठी असली तरी घरची भाषा अनेक आहे. भामरागड-एटापल्लीकडे माडिया, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्यात बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी, जिवतीकडे गोंडी व कोलामी. गोंडी घरातले सहा वर्षांचे मूल 'पाणी' हा शब्द अक्षरे जुळवून बरोबर उच्चारील. पण त्याच्या मनात पाणी येत नाही, कारण घरी तो 'येर' म्हणतो. उच्चार झाला, वाचन झाले नाही. अशा मुलाला आधी त्याच्या भाषेत बोलते करावे, चित्र दाखवून दोन्ही शब्द शेजारी लिहावेत आणि मग मराठी वाक्याकडे न्यावे. घरची भाषा ही अडचण नव्हे, ती पहिली पायरी आहे.

गणितातही भाषा आडवी येते. मराठीत ५३ ला 'त्रेपन्न' म्हणतात. तीन आधी ऐकू येतो, पन्नास नंतर. म्हणून लहान मूल ३५ लिहून बसते. सिरोंच्याच्या तेलुगू घरात हाच आकडा 'याभै मूडु', म्हणजे पन्नास-तीन असा आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा मोठा वाद झाला. पद्धतीबद्दल मतभेद असोत, मुलाची अडचण खरी आहे.

तिच्यावर उपाय काड्यांचा. दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या आणि तीन सुट्या काड्या म्हणजे ५३. त्यातून २७ काढायच्या. तीन सुट्यांतून सात जात नाहीत, म्हणून एक जुडी सोडावी. सुट्या तेरा होतात. तेरातून सात गेले, उरले सहा. राहिलेल्या चार जुड्यांतून दोन गेल्या, उरल्या दोन. उत्तर २६. 'हातचा' म्हणजे सोडलेली जुडी, हे एकदा हाताने कळले की कागदावर चुकत नाही.

आपल्या भागात तर हे गणित घरोघरी आहे. उन्हाळ्यात मुले आईबरोबर तेंदूची पाने मोजतात. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. चार पुड्यांत पाने किती? २८०. २१० पानांचे पुडे किती? तीन. हाच गुणाकार, हाच भागाकार. जे मूल अंगणात हिशेब करते तेच फळ्यापुढे गप्प होते, याचा अर्थ त्याला बुद्धी नाही असा नव्हे. हाताचा हिशेब कागदावर उतरवायला त्याला कोणी शिकवले नाही.

आता प्रत्यक्ष काय करावे?

१) प्रत्येक मुलाला एकेकटे बसवून पाच मिनिटे तपासावे. अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट यांपैकी कोठपर्यंत वाचतो? अंकओळख, हातच्याची वजाबाकी, भागाकार यांपैकी काय येते?

२) तिसरी ते पाचवीच्या मुलांचे गट इयत्तेनुसार न करता पायरीनुसार करावेत.

३) रोज एक तास केवळ याच कामासाठी राखावा. गोष्ट मोठ्याने वाचावी, मुलांनी शब्दांवर बोट फिरवावे, तिच्यावर बोलावे, मग स्वतःचे वाक्य लिहावे.

४) काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे आणि पुढे गेलेल्या मुलाचा गट बदलावा.

५) कोणत्याही मुलाला 'ढ' म्हणू नये. तपासणी शिकवण्यासाठी असते, लाजवण्यासाठी नाही.

ही रीत कागदी नाही. 'प्रथम'च्या या कामाची परीक्षा अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आदी अर्थशास्त्रज्ञांनी अनेक राज्यांत केली. या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांना असे दिसले की नुसते साहित्य शाळेत पोचवून फारसा फरक पडत नाही. हरियाणात शिक्षकांना वेगळा तास देऊन पायरीनुसार गट केले, तेव्हा वाचन सुधारले. उत्तर प्रदेशात गावच्या स्वयंसेवकांच्या वर्गाला जी मुले आली ती शिकली. पण येणारी मुले थोडी होती. यावरून आपण दोन गोष्टी घ्याव्यात : शाळेतला तास सोडू नये, आणि संध्याकाळच्या वर्गासाठी घरोघर जाऊन मुले आणावीत.

वाचकहो, यात पणाला काय लागले आहे? २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. आज अनेक ग्रामसभा बांबू व तेंदूचा व्यवहार स्वतः करतात. हक्क गावाचा झाला. पण वही वाचणारा, बेरीज पडताळणारा गावात नसेल तर तो हक्क पुन्हा दुसऱ्याच्या हाती जाईल.

म्हणून महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाच मुले घ्यावीत. सभासदांनी समाजमंदिरात एक दिवा, एक फळा आणि गोष्टींची थोडी पुस्तके द्यावीत. गुरुजींना भेटून शाळेतल्या त्या एका तासाबद्दल बोलावे. पाचवीतल्या मुलाला दुसरीचे पुस्तक वाचता आले, तर सहावीचे पुस्तक त्याला परके राहणार नाही.