संगणकाला घनफळ शिकविताना



गणिताच्या एका शिक्षकाच्या स्मृतिव्याख्यानात मराठीचा निवृत्त प्राध्यापक संगणकाविषयी बोलावयास उभा राहतो, याचे आपणांस नवल वाटणे स्वाभाविक आहे. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्या सरांच्या वर्गात मी १९६२-६३च्या सुमारास बसत असे आणि गणितात मागेच होतो. तरीही त्यांचा एक तास मी विसरलो नाही. सरांनी पुठ्ठ्याचा एक शंकू आणि तेवढ्याच तळाची व उंचीची वृत्तचिती वर्गात आणली होती. वाळूने काठोकाठ भरलेला शंकू त्यांनी वृत्तचितीत तीनदा रिता केला. तिसऱ्या खेपेस ती नेमकी भरली. मग ते म्हणाले, "सूत्र पाठ करण्याआधी ते काय म्हणते, हे मला मराठीत सांगा."

या वाक्याचा खरा अर्थ मला वयाच्या पंचाहत्तरीत कळला. निमित्त झाले माझ्या नातीचे. सुटीत घरी आली असता तिने मला पायथॉन नावाच्या संगणकभाषेत घनफळ काढणारा एक लहानसा प्रोग्रॅम लिहावयास शिकविला.

प्रोग्रॅम म्हणजे क्रमाने दिलेल्या आज्ञांची यादी. आमच्या प्रोग्रॅमचे तीन भाग होते : मापे विचारणे, हिशेब करणे आणि उत्तर सांगणे. पहिल्याच पायरीवर मी अडखळलो. 'इनपुट' या आज्ञेने संगणक माप विचारतो. पण आपण ७ टंकित केले, तरी त्याच्या लेखी ते केवळ एक अक्षर असते. 'फ्लोट' या आज्ञेने त्याचा अंक केल्याखेरीज त्यावर गणित होत नाही. चिन्ह आणि अर्थ यांतील हा भेद मी आयुष्यभर भाषेच्या तासाला शिकवीत आलो. यंत्राने तो मलाच पुन्हा शिकविला. त्यानंतर येणाऱ्या अंकाला एखादे नाव द्यावयाचे, ते नाव सूत्रात वापरावयाचे आणि 'प्रिंट' या आज्ञेने उत्तर पडद्यावर उमटवावयाचे, एवढाच सारा व्याप. वृत्तचितीचे घनफळ म्हणजे पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले उंची. आळसापोटी मी त्रिज्येला 'अ' आणि उंचीला 'ब' म्हटले. प्रोग्रॅम बिनबोभाट चालला.

पुढे घडले ते मोकळेपणाने सांगतो. नळदुरुस्तीसाठी आमच्या इमारतीचे पाणी तीन दिवस बंद राहावयाचे होते. गच्चीवरच्या गोल टाकीत पाणी किती मावते, असा प्रश्न निघाला. मी टेप घेऊन वर गेलो. टाकीची आतली रुंदी २ मीटर आणि उंची १.५ मीटर भरली. 'अ' म्हणजे २, 'ब' म्हणजे १.५. संगणकाने सांगितले, १८.८५ घनमीटर, म्हणजे १८,८५० लिटर. आठ बिऱ्हाडांना तीन दिवस सहज पुरेल, असे मी सभेत छातीठोकपणे सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळीच टाकी कोरडी पडली. शेजारच्या वृद्ध वहिनींना खालून कळशी आणताना पाहिले, तेव्हा मान वर करण्याची मला लाज वाटली.

चूक उघड होती. टेपने मी मोजला तो व्यास, आणि सूत्राला हवी होती त्रिज्या. त्रिज्या दुप्पट घेतली, तिचा वर्ग चौपट झाला. वास्तविक टाकीत ४,७१२ लिटर पाणी मावत होते. संगणकाने गुणाकारात तिळमात्र चूक केली नव्हती. मी जे लिहिले ते त्याने केले. माझ्या मनात काय होते, ते त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

मग मी प्रोग्रॅम नव्याने लिहिला. आता तो प्रथम व्यास विचारतो, कारण टेपने मोजता येतो तो व्यास. पुढच्या ओळीत 'त्रिज्या म्हणजे व्यास भागिले २' असे स्पष्ट लिहिले. माप शून्य किंवा ऋण आल्यास 'इफ' या आज्ञेने तो थांबतो आणि पुन्हा विचारतो. विशेष म्हणजे ही नावे मी देवनागरीत लिहिली. २००८ साली आलेल्या पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून तशी मुभा आहे. आज्ञांचे मूळ शब्द तेवढे रोमन लिपीत लागतात. सूत्रातील अंकही आंतरराष्ट्रीय लिपीत लिहावे लागतात. मात्र वापरणाऱ्याने ७.५ असे देवनागरीत टंकित केले, तर 'फ्लोट' ते समजून घेतो. 'अ गुणिले अ' या ओळीतील चूक कोणालाही दिसली नसती; 'त्रिज्या गुणिले त्रिज्या' अशी ओळ असती, तर टेप हाती धरतानाच मी थबकलो असतो.

नाव योग्य असले तरी सूत्र खरे आहे की नाही, हे पडताळावेच लागते. इ.स. ४९९च्या आर्यभटीयात सूचीचे घनफळ तळ व उंची यांच्या गुणाकाराच्या निम्मे सांगितले आहे. ते एकतृतीयांश असते, हे ब्रह्मगुप्ताने ६२८ साली नोंदविले. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास लीलावतीत गोलाचे अचूक घनफळ दिले : पृष्ठफळाला व्यासाने गुणून ६ने भागावे. त्यांनीही व्यासच घेतला, हे वाचून मला थोडा धीर आला. आर्यभटांसारख्यांच्या हातून जे निसटले, ते संगणकाला दिले असते, तर तो निम्मेच सांगत राहिला असता.

पडताळ्यासाठी आर्किमिडीजची एक सुंदर कसोटी आहे. गोल, आणि गोलाच्याच व्यासाइतका तळ व तितकीच उंची असलेले शंकू व वृत्तचिती घ्या. शंकू, गोल, वृत्तचिती यांची घनफळे १ : २ : ३ या प्रमाणात येतात. व्यास ६ दिला, तेव्हा माझ्या प्रोग्रॅमने अनुक्रमे ५६.५५, ११३.१० आणि १६९.६५ असे सांगितले. प्रमाण जुळले. हेच सूत्र रोमन लिपीतील नावांनी पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तीत चालविले असते, तर ४ भागिले ३ याचे उत्तर तिने १ धरले असते आणि गोल ८४.८२वरच थांबला असता. कसोटीने ती चूकही पकडली असती.

श्रोतेहो, याच बडोद्यात १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन उभे राहिले. तंत्रशिक्षण देशी भाषांतून द्यावे, हा त्यामागील विचार होता. आज आपल्या मुलांना वाटते की मराठी घरात बोलावयाची आणि संगणक परक्या भाषेचा. म्हणून शाळेस माझी एक विनंती आहे. आठवीच्या मुलांकडून हा प्रोग्रॅम मराठी नावांनी लिहवून घ्यावा, आणि त्याआधी प्रत्येकाकडून पुठ्ठ्याचा एक शंकू करवून घ्यावा. वाळू मी आणून देईन.