अवरुद्ध मूत्राशय आणि त्याच्या रक्तवाहिन्या

मूत्राशय ही केवळ साठवणीची पिशवी नसून तो आकुंचन पावणारा स्नायुमय अवयव आहे. त्यामुळे रक्तपुरवठ्यावाचून त्याच्या कार्याचा विचार पुरा होऊ शकत नाही. अंतःश्रोणी रोहिणीच्या शाखा त्याच्या भित्तीत नागमोडी वळणे घेत पसरतात. मूत्राशय भरू लागला म्हणजे ही वळणे उलगडतात आणि रक्तप्रवाह फारसा खंडित होत नाही.

उतारवयात अष्ठीला ग्रंथी वाढल्याने अथवा मूत्रमार्ग आकसल्याने निर्गमद्वारी अडथळा उत्पन्न होतो. अशा वेळी विसर्जनाचा दाब १०० सेंटिमीटर पाण्याच्या, म्हणजे पाऱ्याच्या सुमारे ७४ मिलिमीटरांच्या, वर जाऊ शकतो. केशवाहिन्यांतील दाब याहून पुष्कळच कमी असतो. साहजिकच प्रत्येक आकुंचनात भित्तीतील रक्त अडते व आकुंचन संपताच पुन्हा वेगाने शिरते. हे अडणे जितके अपायकारक, तितकेच हे पुनरागमनही. कारण त्या क्षणी ऑक्सिजनपासून विध्वंसक मूलके निर्माण होतात.

या ताणास शरीर निमूटपणे शरण जात नाही. स्नायू जाड होतो आणि त्याची प्राणवायूची गरज वाढते. प्राणवायूची उणीव ओळखणारी यंत्रणा प्रत्येक कोशिकेत असते. तिच्या शोधासाठी २०१९ साली तिघा शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. ही यंत्रणा वाहिनीवर्धक प्रथिनाची निर्मिती वाढविते व जुन्या वाहिन्यांना नवे अंकुर फुटतात. सशांच्या मूत्रमार्गास अर्धवट बंध घालून केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की प्रारंभी स्नायू व वाहिन्या जोडीने वाढतात आणि दर ग्रॅम ऊतकामागील रक्तप्रवाह जवळजवळ पूर्ववत राहतो.

परंतु हा समतोल कायम टिकत नाही. पुढे संयोजी ऊतक साचते, रक्तप्रवाह घटतो, चेतातंतू नष्ट होऊ लागतात आणि आकुंचनाचा जोर ओसरतो.

यावरून उपचाराच्या वेळेचे महत्त्व स्पष्ट होते. यवतमाळ येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ साली स्थापन झाले. तथापि उमरखेड किंवा वणीकडील रुग्णास तेथवर सुमारे १०० किलोमीटरांचा प्रवास करावा लागतो. मूत्राची धार बारीक होणे हा वार्धक्याचाच भाग मानून जो वृद्ध घरी थांबतो, त्याचा मूत्राशय तोवर नव्या वाहिन्यांच्या आधारावर तग धरून असतो. शस्त्रक्रियेने वाट केव्हाही मोकळी करता येते. गेलेले चेतातंतू व स्नायूचे बळ मात्र नेहमीच परत येते असे नाही.