इंजिनिअर झाल्यावर पुन्हां विद्यार्थिनी

दोन वर्षांपूर्वींच्या दिवाळींत आमच्या घरीं फराळापेक्षां अधिक रंगली ती पुतणीच्या शिक्षणाची चर्चा. यंत्रशास्त्राची पदवी घेऊन एका कारखान्यांत तीन वर्षें चांगल्या पगारावर असलेली ही मुलगी एकाएकीं म्हणूं लागली कीं, नोकरी सोडून मला औद्योगिक अभिकल्प, म्हणजे इंडस्ट्रियल डिझाइन, या विषयाची पदव्युत्तर पदवी घ्यावयाची आहे. दादांस, म्हणजे तिच्या वडिलांस व आमच्या ज्येष्ठ बंधूंस, हें मुळींच रुचलें नाहीं. "इंजिनिअर होऊन आतां चित्रें काढीत बसणार काय?" एवढेंच ते म्हणाले, आणि पानावरून उठले.

दादांचा प्रश्न अगदींच गैर होता असें मी म्हणणार नाहीं. या विद्येचें नांव आपल्या घरांतून क्वचितच ऐकूं येतें. परंतु तिचें मर्म मला त्याच आठवड्यांत आमच्या स्वयंपाकघरांत कळलें. आमच्या सौभाग्यवतींस संधिवाताचा त्रास आहे. पुतणी तीन दिवस सकाळीं वही घेऊन त्यांच्याजवळ बसली आणि कुकरचें झांकण काढतांना मनगट कोणत्या बाजूस वळतें, दुसरा हात कशाचा आधार घेतो, हें रेखाटीत राहिली. दादा म्हणाले, "त्या कुकरास काय झालें? वीस वर्षें उत्तम चालला आहे." ती म्हणाली, "कुकर चालतो, बाबा. काकूचें मनगट चालत नाहीं." यंत्र चालेल कसें, हें इंजिनिअर पाहतो, तें ज्याच्या हातीं जावयाचें त्याचें कसें चालेल, हा अभिकल्पकाचा पहिला प्रश्न.

आणि हें कांहीं परक्यांकडून उसनें आणलेलें खूळ नव्हे. भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथें आलेल्या चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्यानें 1958 सालीं एक अहवाल सादर केला. देशभर पाहिलेल्या वस्तूंत त्यांनीं सर्वाधिक वाखाणला तो लोटा, म्हणजे आपल्या देवघरांतल्या तांब्याचा भाऊ! त्यांत पाणी किती मावावें, तो भरला व रिता असतांना तोल कोठें राहावा, कंठ हातांत कसा बसावा, ओततांना धार कशी पडावी, असे कितीतरी प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या अनाम हातांनीं सोडविले, हें त्यांनीं दाखवून दिलें. या अहवालाच्या प्रेरणेनें 1961 सालीं अहमदाबादेस राष्ट्रीय अभिकल्प संस्था निघाली. पुढें 1969 सालीं मुंबईस पवईच्या आय. आय. टी.मध्यें औद्योगिक अभिकल्प केंद्र स्थापन झालें. जर्मनींतील उल्म येथील विख्यात शाळेंत शिकून आलेले सुधाकर नाडकर्णी हे त्याच्या उभारणींतील प्रमुख.

पवईस एम. डेस. करावयाचें तर 'सीड' नांवाची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. ती जानेवारींत होते. पदवी अभियांत्रिकीचीच हवी असें नाहीं. वयाची अट नाहीं, आणि कितीही वेळां बसतां येतें. पहिला भाग संगणकावर, दुसरा कागद-पेन्सिलीचा. पहिल्यांत जो उतरला नाहीं त्याचा दुसरा तपासलाही जात नाहीं. त्यानंतर संस्थेची स्वतःची चांचणी व मुलाखत.

आमची पुतणी पहिल्या खेपेस राहिली. गणित तिला अडलें नाहीं, अडला तो हात. घरांत कोणीं बोलून दाखविलें नाहीं, पण दादांच्या मुद्रेवर सुटकेचा भाव स्पष्ट होता. मग तिनें नोकरी सांभाळून वर्षभर रोज पहांटे तासभर रेखाटन केलें. औषधाच्या बाटलीचें झांकण उघडणारा हात, कडी लावणारा, चष्मा पुसणारा. वह्यांमागून वह्या हातांनींच भरल्या. दुसऱ्या वर्षीं तिला मुलाखतीचें बोलावणें आलें. निघण्यापूर्वीं वह्या बांधतांना त्यांतील एक दादा चाळीत बसलेले मीं पाहिले. त्या बाटलीवरील बोटांतली अंगठी त्यांचीच होती.

खर्चाचा प्रश्न उरतोच. दोन वर्षांची फी, वसतिगृह आणि बुडालेला पगार यांचा हिशेब दादांनीं कागदावर मांडला, आणि तो उगाच भिववणारा नव्हता. पुढें नोकरी मिळेल, पण पहिल्या दिवशींच जुन्या पगाराहून अधिक मिळेल, अशी हमी कोणी देत नाहीं. तिनें आपली शिल्लक पुढें केली. उरलेली रक्कम दादांनीं घातली, तेंही फारसें न बोलतां.

आतां ती पवईस पहिल्या सत्रांत आहे. हातांत नीट बसेल असा एक साधा आकार मातीचा घडवावयाचा होता. तो तिनें पांच वेळां मोडला. दर रविवारीं फोन येतो, आणि दादांचा पहिला प्रश्न ठरलेला, "अजून मातीच काय?"