लॉस एंजेलिसचं वार्तापत्र : कागद न विचारणारा दवाखाना

एड्स हे नावसुद्धा ठरलं नव्हतं तेव्हा, ५ जून १९८१ रोजी, अमेरिकेच्या सरकारी आरोग्यपत्रिकेत पाच तरुण समलिंगी पुरुषांना झालेल्या विचित्र न्यूमोनियाची छोटीशी नोंद छापून आली. पाचही रुग्ण लॉस एंजेलिसचे. त्यानंतरच्या चार दशकांत वैद्यकाने आपलं काम चोख केलं. एचआयव्हीबाधित माणूस आज रोजच्या गोळीवर भरपूर जगतो. विषाणू पुरता दबला की जोडीदारालाही शरीरसंबंधातून लागण होत नाही. लागण नसलेल्यांसाठीची प्रतिबंधक गोळी, ‘प्रेप’, २०१२पासून मिळते.

तरीही सरकारी अंदाजानुसार २०२२ साली देशात झालेल्या सुमारे ३१,८०० नव्या लागणींपैकी जवळपास तिसरा हिस्सा लॅटिनोंचा, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या लोकांचा, होता. लोकसंख्येत त्यांचा वाटा आहे पाचव्या हिश्शाएवढा. या नव्या रुग्णांत बहुतेक समलिंगी आणि उभयलैंगिक पुरुष. त्याच वर्षी प्रेपची गरज असलेल्या गोऱ्यांपैकी ९४ टक्क्यांच्या हाती ती पडली, लॅटिनोंपैकी फक्त २४ टक्क्यांच्या.

नौपाड्यातल्या वाचकाला आधी एक गोष्ट सांगायला हवी. ठाण्याच्या सिव्हिलमध्ये केस पेपर काढला की डॉक्टर तपासतात. एचआयव्हीची औषधं तर भारतात २००४पासून सरकारी केंद्रांत फुकट आहेत. अमेरिकेत अशी सरसकट खिडकी नाही. इथे आरोग्यविमा सहसा नोकरीला बांधलेला. गरिबांसाठी मेडिकेड आहे, कॅलिफोर्नियात त्याला मेडी-कॅल म्हणतात. पण हॉटेलात भांडी घासणाऱ्या, छपरं शाकारणाऱ्या, शेतात स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या माणसाकडे व्हिसाचे कागद नसतील, तर केंद्राच्या पैशातून त्याला जेमतेम तातडीचे उपचार मिळतात. ‘ओबामाकेअर’च्या बाजारात स्वतःच्या पैशाने विमा घ्यायलाही त्याला बंदी.

या भिंतीला एक खिंडार आहे. इंडियानातल्या रायन व्हाइट या हिमोफिलिया असलेल्या मुलाला रक्तातून बनवलेल्या औषधामार्फत एचआयव्हीची लागण झाली आणि शाळेने त्याला वर्गाबाहेर ठेवलं. एप्रिल १९९०मध्ये, अठराव्या वर्षी, तो गेला. ऑगस्टमध्ये एचआयव्हीबाधितांच्या उपचारांना केंद्राचा पैसा देणारा, त्याच्या नावाचा कायदा झाला. त्या पैशावर चालणारं क्लिनिक उत्पन्न विचारतं, पत्ता विचारतं. नागरिकत्वाची अट मात्र त्या कायद्यात नाही.

दार उघडं असलं म्हणून माणूस आत येतोच असं नाही. समलिंगी पुरुषांसाठीच्या जुन्या सोयी वेस्ट हॉलिवूडच्या बाजूला, इंग्रजी बोलणाऱ्या गोऱ्यांच्या वस्तीत. स्पॅनिश बोलणारे राहतात शहराच्या दुसऱ्या टोकाला, बॉइल हाइट्स आणि ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये. म्हणून लॅटिनो समलिंगींच्या एका संघटनेने १९८९ साली ‘बिएनेस्तार’ हा उपक्रम आपल्याच लोकांसाठी, आपल्याच भाषेत सुरू केला.

अंतर फक्त मैलांचं नव्हतं. मानसशास्त्रज्ञ राफाएल दीआस आणि जॉर्ज आयाला यांनी न्यूयॉर्क, मायामी आणि लॉस एंजेलिसमधल्या ९१२ लॅटिनो समलिंगी पुरुषांशी बोलून केलेला अभ्यास २००१मध्ये आला. आपल्यामुळे घरच्यांना दुखावलं, खाली पाहावं लागलं, असं त्यातल्या सुमारे ७० टक्क्यांना वाटत होतं. हे समजायला मराठी माणसाला कुठल्याही अभ्यासाची गरज नाही. गोखले रोडवरच्या लॅबमध्ये साधा शुगरचा रिपोर्ट आणायला गेलं तरी आईच्या भिशीतलं कुणीतरी भेटतं; तिथे हा दुसरा रिपोर्ट कोण मागणार? उभयलैंगिकांचं आणखी अवघड. अनेक जण संसारी असतात, स्वतःला ‘गे’ म्हणवत नाहीत, त्यामुळे इंद्रधनुषी झेंडा लावलेल्या दारासमोरून ते जरा भरभर चालत जातात.

मग पूल बांधतो तो डॉक्टर नव्हे, मधला माणूस. अशा संस्थांमधले वाटाडे बहुधा त्याच वस्तीतले. फॉर्म भरून देणं, फोनवर स्पॅनिशमध्ये भांडणं, पहिल्या तपासणीला सोबत बसणं, दुसऱ्या तारखेची आठवण करणं ही त्यांची कामं. ऐकायला किरकोळ वाटतात, पण योजना टिकते ती त्यांच्यावरच. नॉर्थ कॅरोलायनात तर संशोधकांनी लॅटिनो मजुरांच्या फुटबॉल संघांतलेच खेळाडू निवडून त्यांना आरोग्याचे वाटाडे केलं.

मुंबईत हे काम ‘हमसफर ट्रस्ट’ १९९४पासून करत आला आहे, आणि त्यातली बरीच वर्षं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम डोक्यावर असताना. त्या कलमाने काय होत असे, ते लखनौने २००१च्या जुलैत दाखवलं: एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या चार कार्यकर्त्यांना पोलिसांनी उचललं आणि ते दीड महिन्याहून जास्त काळ तुरुंगात राहिले. २००६मध्ये तर दिल्ली उच्च न्यायालयात मजेशीर दृश्य होतं. गृहखातं कलमाची बाजू घेत होतं आणि आरोग्य खात्याखालची ‘नाको’ प्रतिज्ञापत्रावर सांगत होती की, या कलमामुळे आमचे लोक लपून राहतात, त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही. सरकार एकच, तोंडं दोन.

अमेरिका सध्या त्याच वळणावर आहे, कलम तेवढं वेगळं. एचआयव्हीबाधित परदेशी माणसाला देशात घ्यायचं नाही, हा १९८७चा नियम २०१०च्या जानेवारीत उठला. तोवर रिपोर्ट लपवायची सवय अंगवळणी पडली होती. ती मोडण्यात संस्थांची वर्षं गेली. आणि जानेवारी २०२५मध्ये नव्या सरकारने रुग्णालयं, शाळा, चर्चमध्ये धरपकड टाळण्याचं धोरण रद्द केलं. जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर छापे सुरू झाले. त्याच महिन्यात बातमी फुटली की, कॅलिफोर्नियासह काही राज्यांतल्या मेडिकेड लाभार्थींची माहिती केंद्राच्या आरोग्य खात्याने गृहसुरक्षा खात्याला दिली आहे. ‘इथे नाव द्या, कुणी काही करणार नाही’ असं तीस वर्षं सांगत आलेल्या वाटाड्याची काय पंचाईत झाली असेल! राज्यांनी कोर्टात धाव घेतली.

कॅलिफोर्निया स्वतःही हात आखडता घेत आहे. कागद नसलेल्यांना राज्याच्या खर्चाने मेडी-कॅल देण्याची सुरुवात २०१६मध्ये मुलांपासून झाली होती. १ जानेवारी २०२४पासून ते सगळ्या वयांना मिळू लागलं. दोनच वर्षांत, तिजोरीची ओढाताण सांगून, जानेवारी २०२६पासून अशा प्रौढांची नवी नोंदणी थांबवण्यात आली. आधीचे आत राहतात, पण नूतनीकरणाचा फॉर्म चुकला आणि तीन महिन्यांच्या सवलतीतही भरला नाही, तर परत दार उघडत नाही. २०२७च्या जुलैपासून साठीच्या आतल्यांना महिना ३० डॉलरही भरावे लागणार आहेत. वर्षातून दोनदा टोचून घ्यायच्या नव्या प्रतिबंधक इंजेक्शनला २०२५च्या जूनमध्ये परवानगी मिळाली. सामायिक खोलीत गोळ्यांची बाटली लपवणाऱ्याला त्याहून सोयीचं काही नाही. पण त्याची छापील किंमत वर्षाला २८ हजार डॉलरच्या वर आहे, विम्याशिवाय हाताबाहेरची. तेव्हा वाटाड्यांचं आताचं मोठं काम पूर्वीइतकं नवा माणूस दवाखान्यात नेण्याचं नाही. आत असलेल्याने सरकारी पाकीट घाबरून न फोडता ठेवलं नाही ना, हे विचारत फिरण्याचं आहे.